काथ्याचा वस्तरा

त्याला काथ्या हे नाव मीच ठेवलं. दाढीच तशी होती. सलूनमधली गिऱ्हाईकं हसली, तोही हसला, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. काचेच्या दुकानात तो काचा पोचवायचं काम करायचा. माणसाएवढी काच दोन्ही हातांत उभी धरून गर्दीतून चालायचा आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवायचा. अकरा वर्षांत त्याच्या हातून एकाही काचेला तडा गेला नव्हता.

अशा माणसाला दर रविवारी मी माझ्या सलूनमध्ये बजावायचो, "हलू नकोस रे, कापेल."

आणि कापायचंच. हनुवटीखाली एकदा, जबड्याच्या कोपऱ्यात एकदा, हे ठरलेलं. मी तुरटी फिरवायचो आणि वर त्यालाच बोलायचो, "दाढी आहे की खराटा? वस्तऱ्याची पार वाट लावलीस." वयानं तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला अहोजाहो. "माझी दाढीच वाईट, तुम्ही तरी काय करणार," असं म्हणून गालाला रुमाल लावून निघून जायचा.

आता खरं सांगतो. माझ्याकडे वस्तरे दोन. एक रोजचा, हलका, पातळ पात्याचा. मऊ दाढीवर तो लोण्यासारखा चालतो, पण राठ केसापाशी पातं थरथरतं, आणि थरथरलं की कातडीत शिरतं. दुसरा वडिलांचा, जाड पाठीचा, बोटभर रुंद, वजनदार. राठ दाढीला तोच लागतो. हात दाबावा लागत नाही, वस्तऱ्याचं वजनच काम करतं. मात्र नंतर त्याला दगडावर आणि पट्ट्यावर धार लावायला वीस मिनिटं द्यावी लागतात. बँकेच्या मॅनेजरसाहेबांची दाढी काथ्याइतकीच राठ. त्यांच्यासाठी मी तो न विसरता काढायचो. काथ्यासाठी वीस मिनिटं घालवायचं माझ्या जिवावर यायचं. एवढंच कारण. दुसरं असतं तर मी ते केव्हाच पुढे केलं असतं.

एका दुपारी तो आला तो खुर्चीत बसलाच नाही, दारातच उभा राहिला. म्हणाला, "मुलगी महिनाभर राहायला आलीय. नात दीड वर्षाची आहे. उचलून घेतली की गाल टोचतो, मग रडते आणि आईकडे पळते. रोज दाढी केली तर येईल जवळ. पण रोज तुम्हाला कुठे त्रास देऊ? माझ्या दाढीला चालेल असा एक वस्तरा घ्यायचाय. बरोबर येता का? मला त्यातलं काही कळत नाही."

मी गेलो. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

वस्तरे विकणारे आजोबा माझ्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी काथ्याच्या जबड्यावरून उलटा अंगठा फिरवला, हनुवटीखालचे जुने-नवे व्रण पाहिले आणि माझ्याकडे बघत विचारलं, "यांची दाढी कोण करतं?"

मी दुकानातल्या फळीकडे बघू लागलो.

"मीच करतो," काथ्या म्हणाला. "घरी एक जुना पातळ वस्तरा आहे. माझा हात काही वळत नाही."

मग आजोबांनी त्याला जे झापलं! "अहो, एवढे मोठे झालात, पातळ वस्तऱ्यानं ही दाढी करतात होय? दाढी वाईट नाहीये तुमची, वस्तरा चुकीचा आहे. तोंडाची चाळण करून घेतलीत!" काथ्या मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. मग आजोबा माझ्याकडे वळले. "आणि तू रे? ओळखीचा ना हा तुझा? एका शब्दानं सांगायचं नाहीस?"

"सांगायला हवं होतं," मी म्हणालो. तेवढ्यावरच सुटलो. एक वाक्य पुढे बोललो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं? पण नाही बोललो. आजोबांनी तीन वस्तरे मांडले आणि मी न विचारता सर्वांत जाड पाठीचा उचलून त्याच्या हातात दिला. तो निवडायला मला क्षणभरही लागला नाही, याचीही लाज वाटली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात?" अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला तुम्ही म्हणालो होतो. त्याच्या ते लक्षात आलं की नाही, कुणास ठाऊक.

"ते तुमच्या धंद्यातले. त्यांच्यासमोर तुमचं नाव कशाला खराब करायचं?" मग थोडं चालून अगदी सहज म्हणाला, "मॅनेजरसाहेबांना तुम्ही वेगळा वस्तरा लावता ना, असाच जाड? बाकावर बसलं की दिसायचं."

मी विचारलं, "मग कधी मागितला का नाहीत?"

"मला वाटलं, तो मोठ्या माणसांचा असेल."

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी तो थांबला, डबी उघडून वस्तरा पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाला, "उद्या सकाळी घरी याल का? पहिली दाढी तुम्हीच करून द्या. माझा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही."

मी मान हलवली. त्याच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.