कानसेन आणि चौथा गिअरबॉक्स

गॅरेजवर पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. सगळे म्हणत, "कानसेनकडे ने." गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की हा हातातलं काम न सोडता आतूनच सांगायचा, "पुढचं डावं बेअरिंग गेलंय." आणि ते खरंच गेलेलं असायचं. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. हा वरून कपाळाला आठ्या घालायचा, आतून मात्र फुलून जायचा.

त्याच्या थोरल्या भावाची एक जुनी फोर बाय फोर होती, ऑटोमॅटिक. डोंगरावरच्या वस्त्यांतली आजारी माणसं खाली इस्पितळात आणायची आणि परत पोचवायची, हा भावाचा धंदा. भावाला अर्धांगवायूचा झटका आला, एक बाजू लुळी पडली, तेव्हा वहिनीने चाक हातात घेतलं. बाजारापलीकडे कधी गाडी न नेलेली बाई त्या खडकाळ चढणीवर जाऊ लागली. घर तिच्यावर होतं आणि वरच्या वस्त्याही.

मग गिअरबॉक्स गेला. वयच झालं होतं त्याचं. कानसेनने दुसरा आणून बसवला आणि म्हणाला, "वहिनी, आता काळजी सोडा."

महिना-दीड महिन्यात गाडी चढावर अडली. इंजिन गुरगुरतंय, चाकं जागची हलत नाहीत. तेल काढलं तर काळंठिक्कर, जळका वास, आणि त्यात लोखंडाचा चुरा. जुन्या गिअरबॉक्सचा कचरा तेल थंड करणाऱ्या जाळीत अडकून राहिला होता, तोच नव्यात उतरला असणार. त्याने जाळी बदलली, नळ्या धुतल्या, तिसरा बसवला.

तिसराही गेला. या वेळी तेल दुधाळ गुलाबी झालं होतं. तेल रेडिएटरमधूनही फिरायचं, आणि तो आतून फुटून पाणी तेलात मिसळत होतं. कानसेनच्या जिवात जीव आला. चोर सापडला होता! रेडिएटर नवा, तेलाची जाळी त्याच्यापासून वेगळी, गिअरबॉक्स चौथा. त्या मॉडेलचा तो शेवटचाच. कंपनीने ते बनवणं कधीच बंद केलं होतं.

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी वहिनी गाडी घेऊन दारात आली.

"भावोजी, जरा बसा शेजारी. तो आवाज परत आलाय."

"कसला आवाज?"

"शिट्टीसारखा. गाडी तापली की वाढतो."

चढाच्या पायथ्यापर्यंत गेले. वहिनीने वेग वाढवला. "हा बघा, हा!"

कानसेनने कान टवकारले. इंजिनाची घरघर आणि टायरखालची खडी, एवढंच होतं. "रस्त्याचा असेल," तो म्हणाला.

वहिनीने गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. तो खाली घुसला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सच्या तोंडाशी टेकवून मूठ कानाला लावली. उजव्या, मग डाव्या. काही नाही. मुठीला बारीक थरथर तेवढी जाणवत होती.

वहिनी वाकून बघत होती. "द्या इकडे," म्हणत ती बसली, मूठ कानाशी नेली आणि झटक्यात मागे घेतली. "अहो, किंचाळतंय हे!"

कानसेन तसाच मातीत पडून राहिला. तिथूनच त्याने विचारलं, "मागच्या वेळीही होता?"

"पहिला बदललात तेव्हापासून दर वेळी. मला वाटलं, तुम्हाला ऐकू येतच असेल. तुम्हाला काय सांगायचं आवाजाचं?"

गिअरबॉक्स उतरवला. त्यातला तेलाचा पंप एका बाजूने खाल्ला गेला होता. गिअरबॉक्स इंजिनाशी नीट एका रेषेत बसावा म्हणून दोन पोकळ खुंट्या असतात. त्यातली एक नव्हतीच, म्हणून दर नवा गिअरबॉक्स किंचित तिरका बसून पंप घासत होता. पहिल्या गिअरबॉक्सला चिकटून ती भंगारात गेली असणार, आणि तिचं भोक ग्रीसने, मातीने बुजलेलं. दर खेपेला ते त्याच्या नाकासमोर होतं. पण आयुष्यभर कानांनी पाहिलेल्या माणसाचे डोळे आळशी झाले होते. जाळी खरी, रेडिएटरही खरा. पण हे मूळ दुखणं तसंच राहिलं होतं.

खुंटी बसवायला दहा मिनिटं लागली असती. बसवायची कशासाठी? आत पंपाचा चुरा सगळीकडे पोचला होता. पाचवा गिअरबॉक्स मिळेना. त्याने ओळखीपाळखीतली भंगाराची दुकानं पालथी घातली, निकामी झालेल्यांचे सुटे भाग घेऊन एक जोडून पाहिला. तो अंगणातच बंद पडला.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक, उंच आवाज आधी जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. मशीन लावून बघितलं. त्यात पान्यांचा नुसता खणखणाट व्हायचा. त्याने ते काढून ठेवलं.

भावाला त्याने स्वतः जाऊन सांगितलं. भावाची जीभ जड झालेली. तो काहीतरी म्हणाला, पण कानसेनला ते कळलं नाही. जिभेमुळे की कानामुळे, तेही कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

वहिनी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला लागली. वरच्या वस्त्यांतली माणसं आता खाटेवर घालून खाली आणतात. आणता येतील तेवढी. गॅरेजमध्ये कानसेन पंक्चर काढतो, ब्रेकपट्ट्या बदलतो. गिअरबॉक्सचं काम आलं की "दुसरीकडे न्या" म्हणतो. वहिनीने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. फक्त हल्ली त्याच्याशी बोलताना ती समोर येऊन उभी राहते आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलते.