कुमुदताईचं स्टिअरिंग

मनोहरराव सकाळी सातच्या सुमारास चालत माझ्या फाटकापाशी आले. त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर, पण इतक्या वर्षांत ते एकटे असे कधी आले नव्हते; यायचे ते बायकोबरोबर, म्हणजे कुमुदताईबरोबर, तिच्या गाडीत बसून. मी कडी काढायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या. मले बसायचं नाई. चला तुमी." मी पायात चपला अडकवल्या आणि त्यांच्या मागे निघालो. पहाटे कधीतरी कुमुदताईचा श्वास थांबला होता आणि शेजारच्या खाटेवर झोपलेल्या मनोहररावांना ते उजाडल्यावर कळलं... हे मला तिथे गेल्यावर शेजारणीने सांगितलं. त्याला आता सहा आठवडे होतील.

कुमुदताई माझी सख्खी बहीण नव्हे. कारंज्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीच्या चाळीत आम्ही समोरासमोरच्या खोल्यांत वाढलो. तिचे वडील मालकांचे ड्रायव्हर, माझे वडील तिथलेच फिटर. मालकांच्या मुलाने कधीकाळी हौसेने एक इंग्रजी बनावटीची, दोनच सीटची, उघड्या टपाची लाल स्पोर्ट्स कार आणली होती. मुलगा परदेशी गेला, गाडी सरकीच्या गोदामात पडून राहिली आणि जिनिंग बंद पडलं तेव्हा मालकांनी ती ड्रायव्हरलाच देऊन टाकली. वडिलांनी ती चालती केली आणि चौदाव्या वर्षी कुमुदताईला तिच्यावर शिकवलं. लग्नानंतर तिने बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल काढलं. शिक्षिका, नर्स, नवरा गेल्यावर स्वतःच्या मळ्यातला भाजीपाला स्वतः बाजारात न्यायला निघालेली कामरगावची एक बाई... कितीतरी जणींना तिने गाडी शिकवली. शिकवताना मात्र तोंडाने फटकळ. "चाकाकडे काहून पाहून राह्यली बाई? रस्ता तिकडं हाय!" रविवारी ती लाल गाडी काढायची आणि एकटीच कामरगावला, माहेरच्या शेतापर्यंत जाऊन यायची. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक होतो, त्यामुळे त्या गाडीचं दुखलंखुपलं माझ्याकडे.

मागच्या एप्रिलमध्ये ती गाडी घेऊन माझ्या दारात आली. "गजा, स्टिअरिंग लई जड झालं बापा. वळणावर जीव जाते. पाह्य बरं काय झालं ते." या गाडीचं स्टिअरिंग मुळातच जड. चाकाची फिरकी पुढच्या चाकांना देणारा दातऱ्यांचा जुन्या पद्धतीचा बॉक्स, हातांना मदत करणारं दुसरं काही नाही. उभ्या गाडीत चाक फिरवायचं तर खांदा लावावा लागतो. वर झिजेमुळे इतकी ढिलाई की चाक चार बोटं फिरलं तरी पुढची चाकं जागची हलत नाहीत. पण हे सगळं तिला वर्षानुवर्षं पाठ होतं. मी पुढचा भाग उचलला, एकेक सांधा सोडवून पाहिला, ग्रीस भरलं, बॉक्सचं तेल बदललं, हवा तपासली. दोन दिवस शोधत होतो. काहीच सापडलं नाही. स्वतः चालवून पाहिली तर नेहमीइतकीच जड. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी खुशीतच सांगितलं, "ताई, गाडीत काही बिघाड नाई."

ती सीटवर बसून होती, दोन्ही हात चाकावर. तिने उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताने दाबून पाहिला, जरा वेळ दाबतच राहिली. मग म्हणाली, "बरं..." तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी तिला काय सांगून बसलो ते.

अकोला झालं, मग नागपूर. जूनमध्ये निदान झालं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत जातात, डॉक्टरांनी तिला स्वच्छ सांगितलं. हात, पाय, जीभ, शेवटी श्वास. कशानंतर काय जाईल ते सांगता येत नाही. औषधाने फार तर काही महिने वाढतात. नागपूरहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे ऑटोने आली. तिला मी आयुष्यात पहिल्यांदा ऑटोतून उतरताना पाहिलं. ओट्यावर बसून म्हणाली, "हात तं कोनी दुरुस्त करून देत नाई. चाक तू हलकं करून दे. मले ते गाडी एक डाव मीच चालवत कामरगावले न्यायची हाय. मंग तुमी काय करायचं ते करा तिचं." मनोहररावांना हे अजिबात पसंत नव्हतं. पोस्टातली नोकरी केलेला शिस्तीचा माणूस, स्वतः कधी चाकाला हात न लावलेला. माझ्या घरी येऊन नव्हे, रस्त्यात थांबवून ते म्हणाले, "गजाननराव, तिले नादी लावू नका. तिले आता आराम पायजे." मी मान डोलावली आणि तरीही कामाला लागलो.

आधी साधे उपाय केले. बॉक्स पूर्ण उघडून झिजलेले भाग नवे करून घेतले, ढिलाई काढली, आधीच्यापेक्षा मोठ्या घेराचं चाक बसवलं. जुलैमध्ये ती त्यावर गावातल्या गावात चालवून आली आणि हसली. ऑगस्ट लागेपर्यंत तिच्या बोटांनी तो सगळा फायदा खाऊन टाकला. मग ठरलं की इलेक्ट्रिक स्टिअरिंग बसवायचं. अकोल्याच्या भंगार बाजारातून एका छोट्या गाडीचं मी उचलून आणलं. त्यात चाकाच्या दांड्यालाच मोटर असते, तुम्ही बोटभर फिरवलं की बाकीचं ती फिरवते. जुना डायनॅमो एवढी वीज देईना, म्हणून तो काढून अल्टरनेटर लावला. डॅशबोर्डखाली पट्ट्या ठोकून मोटरला जागा केली. राहिला दांडा. नव्या मोटरचं तोंड वेगळं, जुन्या बॉक्सचं वेगळं. दोन्हींना जोडणारा मधला शाफ्ट नवा करायला हवा होता.

इथे मी जे केलं ते मला सांगितलंच पाहिजे. दोन्ही दांडे कापून कारंज्यातच वेल्डिंग मारलं असतं तर एका दिवसात गाडी उभी राहिली असती. तीन वेल्डर ओळखीचे. पण वळणावर तो सांधा सुटला तर माणसाच्या हातात नुसतं चाक उरतं, हे मी तीस वर्षं वर्गात फळ्यावर काढून शिकवलं होतं. मी अमरावतीला एका लेथवाल्याकडे शाफ्ट करायला टाकला. आठ दिवस म्हणाला. त्याला पाच आठवडे लागले. कुमुदताईचा रोज फोन यायचा. "आला का रे शाफ्ट?" चौथ्या आठवड्यात तिच्या तोंडून 'शाफ्ट' नीट निघेना. मी ऐकलं आणि, "येते ताई, दोन दिवसांत येते," म्हणत राहिलो.

सप्टेंबरच्या शेवटी, तिच्या घरच्या शेडमध्ये, गाडी तयार झाली. मी तिला धरून सीटवर बसवलं. बोटं मिटत नव्हती, पण तिने दोन्ही तळवे चाकावर टेकवले, नुसते ढकलले आणि पुढची चाकं पार कडेपर्यंत वळली. तिने परत फिरवलं. पुन्हा फिरवलं. मी म्हणालो, "क्लच दाब, बाहेर काढू." ती हलली नाही. "डावा पाय नाई उचलत," ती हळूहळू, एकेक शब्द सोडवत म्हणाली. "तीन हप्ते झाले."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"तू काम थांबवलं असतं."

तीन आठवडे म्हणजे शाफ्ट अमरावतीला पडून होता तेव्हा. मी शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. आत आलो तेव्हा ती अंगणात उभ्या असलेल्या आपल्या शिकवणीच्या गाडीकडे बघत होती. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूला क्लच आणि ब्रेकची दुसरी जोडी असते. तिने मानेने दाखवलं. बस. दोन दिवसांत ती जोडी मी काढली आणि लाल गाडीत डाव्या बाजूला बसवली. तिचा उजवा पाय अजून थोडा ऐकत होता.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी आम्ही निघालो. मनोहरराव ओट्यावर होते, गाडी सुरू झाल्यावर उठून आत गेले. क्लच, ब्रेक आणि गिअर माझ्याकडे, चाक आणि वेग तिच्याकडे. गाव मागे पडल्यावर तिने वेग घेतला. दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चालली होती, रस्त्यावर भुसा उडत होता. समोर ट्रॉली भरलेला ट्रॅक्टर दिसला आणि माझा पाय ब्रेकवर गेला. तशी ती ओरडली, शब्द फाटके पण सूर जुनाच: "काहून दाबून राह्यला? मी पाहून राह्यली न!" तिने ट्रॅक्टर व्यवस्थित ओलांडला. मी पाय मागे घेतला आणि त्यानंतर काही मैल मी खरोखरच निवांत बसलो होतो.

कामरगाव अजून बरंच पुढे होतं. एक लांब, मोठं वळण आलं. तिने चाक वळवलं, गाडी वळायला लागली, आणि मधेच तिचे तळवे घसरले. हात मांडीवर पडले ते तिला उचलताच येईनात. मी डावीकडून चाक पकडलं, ब्रेक दाबला, गाडी तुरीच्या कडेला जाऊन थांबली. ती आपल्या हातांकडे पाहत होती. मग म्हणाली, "चाक हलकं झालं रे, गजा. तुह्या कामात खोट नाई." मी विचारलं, "मी घेऊ? कामरगावले जाऊ न." तिने नकारार्थी मान हलवली. "चालवत जायचं होतं. बसून कायले जाऊ?" मी तिला उचलून डाव्या सीटवर ठेवलं. तिचं वजन इतकं कमी झालं असेल याची मला कल्पना नव्हती. आम्ही कारंज्याला परत आलो.

त्यानंतर तिने गाडीचा विषय काढला नाही. दिवाळीनंतर बोलणं गेलं. जानेवारीत ती गेली. तेरवीच्या दिवशी पानं उठल्यावर मनोहरराव माझ्याजवळ येऊन बसले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तो शाफ्ट यायचा होता न, तवा ते रोज सकाळी लुगडं बदलून, चपला घालून बसे. आज येईन म्हने. पाय चालत होता तवा तिचा." तो सांधा कारंज्यात मारला असता तर ती स्वतःच्या पायांवर कामरगावला जाऊन आली असती, किंवा त्या वळणावर तो सुटून ती मेली असती. दोन्ही मी रोज मोजतो... आणि दोन्हीपैकी काहीही झालं नाही.

बॅटरी उतरू नये म्हणून मी दर आठवड्याला त्यांच्या शेडमध्ये जाऊन गाडी चालू करतो. मनोहरराव घरात असतात, बाहेर येत नाहीत. परवा आले. मी इंजिन चालू ठेवून बाजूला उभा होतो. ते दार उघडून उजव्या सीटवर बसले, बराच वेळ हात मांडीवर ठेवून. मग एक बोट चाकाला लावलं. चाक फिरलं. त्यांनी दचकून बोट काढलं, पुन्हा लावलं आणि त्या एका बोटाने चाक या कडेपासून त्या कडेपर्यंत नेलं, परत आणलं.

"एवढं हलकं होतं हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हो."

"अन् तिच्यानं हेही..."

त्यांचं बोट तसंच चाकावर होतं. इंजिन चालू होतं, आणि ते बंद करायला दोघांपैकी कुणाचाच हात पुढे होईना.