धर्माच्या होडीचा नांगर

आमच्या रेवदंड्याच्या साहित्य मंडळाच्या खोलीत शिरलं, की पुस्तकांच्या आधी खोबरेल लावलेल्या लोखंडाचा वास येतो आणि मी वीस वर्षं मागे जातो.

मंडळाचं छप्पर गळत होतं, म्हणून गावानं दिलेल्या वस्तूंचा लिलाव ठेवला होता. कुणी ताजी सुरमई दिली, कुणी शिवणयंत्र, आणि धर्मा कोळ्यानं आपल्या होडीचा जुना नांगर. बोली पुकारायला अर्थातच मी. माझ्या आवाजानं खाडीपलीकडच्या कोंबड्या दचकून अंडी घालत!

नांगर पुढे आला आणि सगळे कोळी खाली बघू लागले. होडीचा नांगर कुणी विकत नाही, कुणी घेतही नाही. धर्माची बायको हिरा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मास्तर, नांगर नका विकू. दर्या बघतोय."

"गप गो!" धर्मा हसला. "नवा घेतलाय ना मी! पुस्तकं भिजतायत तिकडं."

काशीदला मासा खोकला तरी मला इथे ऐकू येतं. पण तेव्हा मी बहिरा झालो. कुणी बोलीच लावेना, तेव्हा मीच तीनदा ओरडून नांगर घेतला आणि मंडळाला भेट दिला. टाळ्या एकट्या धर्माच्या.

चौथ्या दिवशी, वारा नसताना, नव्या नांगराचा दोर तुटला. होडी वाहत किनाऱ्याला लागली. तिच्यात धर्मा नव्हता.

छप्पर आता गळत नाही. नांगर दार अडवायला ठेवलाय. हिरा दर अमावास्येला येते, त्याला तेल लावते आणि जाताना विचारते, "मास्तर, तवा तुमाला ऐकू आलं होतं ना?"

मी अजून बहिराच आहे.