एका गाईचं दूध

लहान लेकराला एकाच गाईचं दूध पाजावं, तेही धारोष्ण, असं आमच्या महाल वस्तीत सगळेच मानत. माझी तीन वर्षांची मुलगी आणि शेजारणीची तेवढीच मुलगी रोज सकाळी पेला घेऊन गल्लीतल्या गवळ्याच्या गोठ्यात उभ्या राहायच्या. बायको म्हणायची, दूध उकळून देऊ. मी तिला हसायचो. सरकारी गुरांच्या दवाखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होतो ना, तेव्हा शहाणपणाचा मक्ता माझ्याकडेच.

एका दुपारी त्याच गाईचं दूध बाटलीतून माझ्या टेबलावर आलं. तिच्या कासेत गाठ लागली म्हणून आमच्या डॉक्टरसाहेबांनी ते मागवलं होतं. गोऱ्या साहेबाच्या जागी ते नुकतेच आले होते. मी दूध यंत्रात फिरवलं, तळचा गाळ काचपट्टीवर पसरला, लाल रंग चढवला, ॲसिडने धुतला, वर निळा दिला. मायक्रोस्कोपला डोळा लावला तर निळ्यावर बारीक लाल काड्या. क्षयाचे जंतू असेच दिसतात, ॲसिडलाही रंग सोडत नाहीत.

साहेबांनी काचपट्टी शांतपणे पाहिली. "गवतावरचे निरुपद्रवी जंतूही असेच दिसतात. गिनीपिगला टोचा आणि सहा आठवडे थांबा. तोवर बाहेर चकार शब्द काढायचा नाही. आपली चूक निघाली तर गवळी फुकट बुडेल."

त्याच संध्याकाळी मी घरचं दूध बंद केलं. बायकोलाही कारण सांगितलं नाही. शेजारीण तिला विचारायची, "काहून वं, दूध बंद केलं?" मीच आतून उत्तर द्यायचो, पोरीला पचत नाही. आपला तो बाब्या म्हणतात, ते हेच. नियम पाळतोय असं स्वतःला बजावत मी मिठाची गुळणी धरून बसलो. सकाळी शेजारणीची पोर गोठ्याकडे निघाली की मी खिडकी लावून घ्यायचो. लाज वाटायची, आणि नोकरीची भीती त्याहून जास्त वाटायची.

प्रयोगशाळेत गेलो की आधी गिनीपिगची टोचलेली मांडी चाचपायचो. चौथ्या आठवड्यात तिथे गाठ हाताला लागली. साहेब म्हणाले, थांबा. मी थांबलो.

सहा आठवड्यांनी साहेबांनी तो गिनीपिग चिरला. प्लीहेवर पिवळट दाणेच दाणे होते. आता शंका उरली नव्हती. साहेब स्वतः गवळ्याकडे गेले आणि मी शेजारणीकडे धावलो.

ती ओसरीवर पोरीची वेणी घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या दिवसापासूनचं. फणी खाली ठेवून ती हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमच्या पोरीचं बंद झालं, तं मी गवळ्याले म्हटलं, तिच्या वाटणीचं बी माझ्याच पोरीले दे. दीड महिन्यापासून दोघींचं एकटीच पिऊन राहिली ना पोरगी."