ओटी भरायला आलेल्या बायका

माझ्या थोरल्या जाऊबाई वेड्या झाल्या असं आमच्या लालबागच्या चाळीत अजून सांगतात. कुणी केल्या ते सांगत नाहीत.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघत होते आणि पोलीस पोरांना उचलत होते. जाऊबाईंचा भाऊ पोलिसात शिपाई. भाऊबीजेला तो ड्युटीवरून तसाच वर्दीत आला, ओवाळून घेतलं आणि गेला. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरची दोन पोरं पकडली गेली. झालं. जाऊबाई नळावर गेल्या की बोलणं थांबायचं. पाठ वळली की मागून यायचं, "हळू बोल गो, सरकारचा कान आलाय." मग हसणं. मी तिथेच हंडा धरून उभी. मला ऐकू येत होतं, तर त्यांना येत नव्हतं?

पुढे त्यांना घरातही कुजबुज ऐकू येऊ लागली. नळाचं पाणी पिईनात. भावोजी म्हणाले, "तुला भास होतात." सासूबाईंनी भगत आणून लिंबू उतरवून घेतलं. मी हळूच म्हणाले, "नळावर खरंच बोलतात, मी ऐकलंय."

"चार बुकं शिकलीस म्हणून डाक्तरीण झालीस काय?" सासूबाई म्हणाल्या.

पोरं सुटून आली. मोर्चातच पोलिसांनी आपल्याला हेरलं होतं, हे त्यांनीच सांगितलं. तरी एकही बाई जाऊबाईंकडे आली नाही. भावोजींनी कुणाला जाब विचारला नाही. त्या बायकांच्या नवऱ्यांबरोबरच त्यांना गिरणीत काम करायचं होतं. त्यापेक्षा बायकोला गावी धाडणं सोपं, आणि तिच्या लहानग्या पोरीला इथे ठेवून घेणंही.

निघायच्या दिवशी मात्र नळावरच्या सगळ्याजणी ओटी भरायला आल्या. जाऊबाईंनी पदर पुढे केला नाही. "तांदळात काय घातलंय?" एवढंच विचारलं. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं.

चारचौघींत माझं तोंड कधी उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. "इतके दिवस तुम्ही त्यांना काय काय दिलंत ते त्यांना माहीत आहे, म्हणून विचारतायत. घेऊन जा तुमचे तांदूळ."

"आता ही दुसरी," कुणीतरी म्हणालं.

पोर जाऊबाईंना चिकटली होती. सासूबाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली. "तिच्या हाती मूल कसं द्यायचं?" म्हणाल्या.

ती पोर आता मला आई म्हणते. त्याच बायका तिच्या गालावरून हात फिरवतात, "बिचारी," म्हणतात. तो हात मला झिडकारावासा वाटतो, आणि हल्ली मी झिडकारते.