आबांच्या डोक्याचं माप

भाचीच्या लग्नाच्या आदल्या दुपारी मी केलेली टोपी आबांच्या थेट भुवयांवर येऊन बसली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर मेंढरं राखली. डोक्यावरचा पटका झोपतानाच काय तो उतरायचा. लग्नाच्या आठवडाभर आधी टाळूवरची गाठ काढायला त्यांना मिरजेला नेलं. टाके काढेपर्यंत डोक्याला काही बांधायचं नाही, ऊनही लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गांधी टोपी टाळूला घासायची. टॉवेल टाका म्हटलं तर भडकलेच.

"नातीच्या लग्नात टॉवेल? घाम पुसाय चाललोय व्हय? आन् उघड्या डोस्क्यानं जायला माझं कोण मेलंय? मी न्हाई येत."

तिकडं बहीण फोनवर रडत होती. आजोबा नसले तर बोहल्यावर उभी राहणार नाही, असं तिची पोरगी म्हणत होती.

मी कुपवाडच्या कारखान्यात लेथ मशीन चालवतो. टोप्या करणं हा माझा रिकामटेकडा नाद, बायकोच्या भाषेत खूळ. फौजेतल्या भावानं सुट्टीवर येताना हातानं विणलेला गवती टोप आणला होता, टोपीचा आकार न दिलेला, एकुलता एक. मिरजेच्या सतारवाल्यानं टाकून दिलेला वाळका भोपळा हा माझा साचा. त्यावर चिंध्या गुंडाळून माप जमवलं, टोप भिजवून ताणला, सुतळीनं आवळून दोन दिवस वाळवला. टाळूला काही टेकू नये म्हणून टोपीचा माथा उंच ठेवला.

पण माप मी डोक्याचं घेतलंच नव्हतं. बापाच्या पायाला हात लावतात, डोक्याला कोण लावतं? दवाखान्यात उतरवलेला पटका वेटोळ्यासकट खुंटीवर होता, त्याच्या आतून सुतळी फिरवली. लोंबून लोंबून तो सैलावलाय हे ध्यानातच आलं नाही. लेथवर केसभर फरक खपवून न घेणारा मी, इथं दोन बोटं चुकलो! टोपी खाली घसरली की माथा टाक्यांना टेकायचा. आत चिंधी भरून पाहिली, तर नुसती डुगडुगायला लागली.

आता एकच उपाय उरला. कडेला वाफ द्यायची आणि मऊ झालेली वीण डोक्यावरच चिमटीत धरून आत घ्यायची. गार झाली की काडी तुटते, आणि दुसरा टोप नाही.

"आबा, डोक्याला हात लावू का?"

"मग काय भोपळ्याला लावतोस? लाव की!"

बायकोनं पातेल्यात पाणी उकळलं. वाफवलेली टोपी मी त्यांच्या डोक्यावर ठेवली, कानामागं वीण चिमटीत धरली. चाळीशी उलटली माझी, पण बापाचं डोकं पहिल्यांदा हातात आलं होतं. लय लहान वाटलं मला ते. फार भीती वाटली.

तेवढ्यात कट्ट असा आवाज झाला. टाका गेला असं वाटून मी ओरडलोच.

"काय तुटलं रं? डोस्कं का टोपी?"

"काडी, आबा. एकच."

"मग वराडतोस कशाला? धर नीट."

वीण वाळेपर्यंत तसाच धरून उभा राहिलो, मग दोरा घातला. टोपी कपाळावर बसली. टाळू आणि माथा यांच्यात बोटभर जागा राहिली. आबांनी आरशात बघितलं आणि चहा मागितला. माझा जीव काही भांड्यात पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मांडवात मानाचे फेटे बांधणारा आबांसमोर आला. नवरदेवाकडचा माणूस, त्याला टाक्यांचं काय ठाऊक! त्यानं टोपी काढायला सरळ हात घातला. मी पाहुण्यांना ढकलत धावलो, कारण आबांनी आजवर मानाचा फेटा कधी नाकारलेला नव्हता. पण त्यांनी त्याचं मनगट धरलं होतं.

"आवं आबा, मानाचा फेटा हाय," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे गड्या. माझ्या लेकानं बांधलंय हे डोस्कं."