मोडीत घातलेलं ताट

आधीच सांगते, मी देवभोळी बाई नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री, दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, आणि दारावर कुणी लिंबू-मिरची बांधली तर त्यातलं लिंबू सरबताला वापरते. या ग्रुपवरचे असले गूढ अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून, आणि अर्ध्यांवर मनातल्या मनात फुल्या मारते. हा अनुभव लिहायला मला जवळजवळ वर्ष लागलं. भीती वाटत होती म्हणून नव्हे... यात मीच सगळ्यात वाईट दिसते म्हणून.

आम्ही निमगाव सावाचे, तालुका जुन्नर. गावाबाहेर शेतात नवा स्लॅबचा बंगला, तिन्ही बाजूंना ऊस. आमच्याकडे बिबट्या ही बातमी नसते, तो शेजारी असतो. म्हणून ओट्याला पुढून पूर्ण लोखंडी ग्रिल आहे, आणि दिवस कलला की पोरं ग्रिलच्या आत – हा नियम. तो पाळून घ्यायचं काम माझ्या सासूबाईंचं. त्यांना मी आत्या म्हणते.

आत्यांची पद्धत ठरलेली. कडेला पोचा पडलेलं एक जुनं पितळी ताट आणि उलथनं घेऊन ओट्यावर उभं राहायचं. तीन ठोके, जरा थांबून एक. पुन्हा तीन, एक. आवाजाने जनावर लांब राहतं आणि पोरं धावत येतात. माझी अन्वी आठ वर्षांची, श्लोक पाच. हातातलं सगळं टाकून दोघं पळत सुटायची. आत आली की आत्या त्यांच्या डोक्याला हात लावून मोजायच्या – एक, दोन. दोनच तर नातवंडं, पण रोज मोजायच्या.

माझा ऑनलाइन क्लास नेमका त्याच वेळी. पलीकडून एखादं कार्टं विचारायचं, "मॅडम, आरती चालू आहे का?" आणि सगळे फिदीफिदी. मी दोनदा सांगून पाहिलं. मग एक दिवस नारायणगावला भांड्यांच्या दुकानात ते ताट मोडीत घातलं आणि त्यात स्टीलचा मोठा डबा घेऊन आले. आत्यांना नंतर सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "डबा चांगलाय." त्या दिवसापासून त्या नुसतीच हाक मारायच्या, पण त्यांचा आवाज शेतातल्या विहिरीपर्यंतसुद्धा पोचायचा नाही.

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत कोकणात जायचं ठरलं. ताम्हिणी उतरून दिवेआगर, तिथून समुद्राच्या कडेकडेने श्रीवर्धन. त्या रस्त्याचे व्हिडिओ बघून पोरं वेडी झाली होती. आत्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. कुणी काही बोलायच्या आतच त्यांनी दोन लुगडी पिशवीत भरली आणि पिशवी दाराशी आणून ठेवली. दोन दिवस ती तिथेच होती.

मी म्हणाले, "आत्या, गाडीत जागा नाही हो. पोरांना आडवं व्हायला लागतं, श्लोकला गाडी लागते."

खोटं होतं. मागच्या सीटवर एक माणूस आरामात बसलं असतं. तिथे मी पाण्याचा कूलर आणि तो स्टीलचा डबा ठेवला. मला चार दिवस सासूशिवाय हवे होते, बस. नवरा गप्प बसला. गप्प बसणं हे त्याच्या घराण्याचं कसब आहे.

आणि एक. आत्या अलीकडे विसरायला लागल्या होत्या, एकदा तिन्हीसांजेला उसाच्या बांधावर सापडल्या होत्या. म्हणून आम्ही निघताना ग्रिलला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या मंदाकाकूंकडे दिली. काकू दोन वेळा जेवण देणार, चौकशी करणार. काळजीनेच केलं, असं आम्ही एकमेकांना गाडीत सांगितलं. पण शेळीला कोंडतात तसं कोंडलं होतं, आणि आत्या ग्रिलच्या मागून पोरांना हात हलवत होत्या.

पहाटे निघालो. खोडदच्या दुर्बिणीच्या अँटेना मागे पडल्या, कळंबला चहा घेतला, आणि दुपारी समुद्र दिसला. खरंच सुंदर रस्ता आहे तो... एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट पाणी. श्लोकला गाडीसुद्धा लागली नाही. श्रीवर्धनच्या अलीकडे, तीनच्या सुमाराला एक मोकळा किनारा दिसला. पाणी खूप आत गेलेलं, नुसती ओली वाळू. आम्ही गाडी थांबवली.

आता आमच्यासारखी माणसं काय चूक करतात ते बघा. आम्हाला उसाची भीती, काळोखाची भीती, झुडपाची भीती. इथे लख्ख ऊन, आणि नजर जाईल तिथवर दबा धरायला जागा म्हणून नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी पोरांना म्हणाले, "जा रे, पाहिजे तिकडे पळा!" भरती-ओहोटी मी क्लासमध्ये शिकवते. पण त्या क्षणी ते डोक्यात आलंच नाही.

नवरा पहाटेपासून गाडी चालवत होता, तो सीट मागे करून झोपला. तेवढ्यात माझ्या नणंदेचा फोन आला – आईला एकटीला का ठेवलंत म्हणून. झालं, जुंपली आमची. वाऱ्याने ऐकू येईना म्हणून मी समुद्राकडे पाठ करून कठड्यावर बसले आणि वीस-पंचवीस मिनिटं भांडले. "तुम्हाला एवढा पुळका तर घेऊन जा ना तुमच्याकडे," हे माझं शेवटचं वाक्य. फोन ठेवला, आणि मागून पोरांचा आवाज आला.

दोघं जीव खाऊन पळत येत होती. अन्वीने श्लोकला मनगटाला धरून ओढलेलं, तो रडत होता. कंबरेपर्यंत भिजलेली.

"काय झालं? कुणी काय केलं?"

"आजी बोलावतेय," अन्वी धापा टाकत म्हणाली. "ताट वाजवतेय केव्हाची. आम्ही किल्ला अर्धाच टाकून आलो."

मी चिडूनच म्हणाले, "कसलं ताट? कुठलं ताट?"

"आजीचं गं. तीन आणि एक."

रस्त्याच्या कडेला एक शहाळेवाला होता, तो ओरडतच आला. "ओ ताई, पोरांना तिकडे कशाला सोडलंत? भरती लागलीय! इथे पुढून नाही येत पाणी, मागच्या खोलगट भागात आधी भरतं. मी गिऱ्हाइकात होतो, आत्ता बघतोय."

त्याने बोट दाखवलं. पोरं खेळत होती तो वाळूचा उंचवटा अजून कोरडा होता, पण त्याच्या आणि आमच्या मधून पाणी वाहत होतं. पोरं त्यातूनच आली होती. दहाएक मिनिटांत तो उंचवटा दिसेनासा झाला. नवरा तोपर्यंत गाडीतून उतरला होता. आम्ही दोघं नुसते बघत उभे राहिलो.

शहाळेवाल्याला विचारलं, ठोक्यांचा आवाज आला का? नाही. जवळ देऊळ, शाळा, काही? काहीच नाही. मी स्वतः काही ऐकलं नव्हतं.

मग फोन बघितला. नणंदेशी भांडत असताना मंदाकाकूंचे तीन मिस्ड कॉल आले होते. लावला.

"अगं वैशाली, व्हतीस कुठं? तुझी सासू लई ग्रिल बडवत व्हती. मला वाटलं भायेर यायचं आसंल, म्हणून किल्ली घेऊन पळत आले. तर म्हनती, कुलूप काढ मंदे, पोरं भायेर राह्यलीत, आत कशी येतील?"

"मग?"

"मग काय, काढलं कुलूप. दार सताड उघडलं तिनं. येक, दोन म्हनली, अन् मटकन खाली बसली. आता झोपलीय बघ. हात बघवंना तिचं."

चार दिवसांची ट्रिप दुसऱ्या दिवशीच गुंडाळली. घरी आलो तर आत्या ओट्यावर बसलेल्या. दोन्ही तळवे काळेनिळे, टम्म सुजलेले. मी हळद-तेल गरम करून लावायला बसले.

"कशाने वाजवलंत, आत्या?"

"कशानं म्हंजे? ताट कुटं हाय आता. हातानंच." जरा वेळाने म्हणाल्या, "वैशे, समुद्र कसा व्हता गं?"

मला खरं सांगायची लाज वाटली. म्हणाले, "काही नाही हो. नुसतं पाणी."

"नुसतं पाणी? मंग येवढ्या लांब कशाला गेलता?"

पोरांना मी नंतर फिरवून फिरवून विचारलं. ग्रिलवर हाताने बडवून दाखवलं, असा आवाज होता का? दोघंही नाही म्हणाली. श्लोक तर म्हणाला, "हा नाही. पोचा पडलेल्या ताटाचा." ते ताट कधीच वितळून गेलं असणार.

नातेवाइकांत आता ही चमत्काराची गोष्ट झाली आहे. नणंद हळदीकुंकवाला डोळे पुसत सांगते, आईचा जीव नातवंडांत म्हणून. कुलपाचं कुणी सांगत नाही. नवरा सांगत नाही, आणि मीही आत्तापर्यंत सांगितलं नव्हतं. मला मात्र त्या चमत्काराचा रागच येतो. ज्या बाईला मी सीट नाकारली, जिचं ताट मोडीत घातलं, जिला कोंडून गेले, तिनेच माझी पोरं मला परत दिली. हे उपकार मी कुठे ठेवू?

योगायोग म्हणा. पोरांना पाणी वाढलेलं दिसलं असेल आणि भीतीने आजी आठवली असेल, असं मी स्वतःला कितीदा समजावलंय. मग अन्वी "आजी बोलावतेय" का म्हणाली, "पाणी आलं" का नाही, यापाशी माझी केमिस्ट्री संपते. आत्यांनाही विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, "कळायचं काय त्यात? पोरं घरात नव्हती."

यंदा दिवाळीत आम्ही पुन्हा कोकणात जायचं ठरवलं, फक्त आत्यांसाठी. ग्रिलचं कुलूप मी कधीच विहिरीत टाकलंय. दोन लुगडी मी स्वतः पिशवीत भरली, पिशवी गाडीत ठेवली, त्यांना हाताला धरून दारापर्यंत आणलं. त्या ओट्यावरच थांबल्या.

"तुमी जावा," म्हणाल्या. "समदीच गेल्यावर पोरास्नी घरी कोन बोलवंल?"

खूप विनवलं, पोरं रडली, पण त्या आल्या नाहीत. मग आम्हीही राहिलो. गाडी दारात तशीच उभी होती. मागच्या सीटवरची त्यांची जागा मी रिकामी ठेवली होती.